लंडनला पुन्हा, या वेळी घरच्यांसोबत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षणासाठी, ऑनसाइट प्रोजेक्टवर किंवा नोकरीसाठी काही वर्षं लंडनमध्ये काढलेले आणि आता जोडीदार, मुलं, आई-बाबा यांना घेऊन तिथे जाऊ पाहणारे लोक ज्या गोष्टी विचारतात, त्या इथे एकत्र केल्या आहेत. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल. पण अडचण जास्त होते ती जुन्या लंडनकरांची. त्यांना शहर ठाऊक असतं, ते एकट्याने, पाठीवर एक पिशवी टाकून फिरतानाचं. सासूबाईंचे गुडघे आणि सहा वर्षांच्या मुलाची भूक घेऊन निघालं की तेच शहर वेगळं वागतं.

मी दहा-बारा वर्षांपूर्वी तिथे राहत होतो. माझ्या माहितीतलं काय शिळं झालंय?

बरंच. सर्वांत मोठा बदल एलिझाबेथ लाइन या रेल्वेमार्गाचा. मे २०२२ मध्ये ती सुरू झाली आणि हीथ्रो, पॅडिंग्टन, बाँड स्ट्रीट, लिव्हरपूल स्ट्रीट, कॅनरी व्हार्फ ही सगळी ठिकाणं एका दमात जोडली गेली. डबे वातानुकूलित आहेत आणि लाइनवरच्या प्रत्येक स्टेशनावर रस्त्यापासून फलाटापर्यंत जिना न चढता जाता येतं. पिकॅडिली लाइनवर बॅगा सांभाळत तासभर उभं राहण्याची सवय असेल तर ती आता सोडा.

नॉर्दर्न लाइन २०२१ पासून बॅटरसी पॉवर स्टेशनपर्यंत जाते. नकाशावर एकाच नारिंगी रंगात दिसणाऱ्या ओव्हरग्राउंड या शहरी रेल्वेच्या सहा मार्गांना २०२४ मध्ये सहा नावं आणि सहा रंग मिळाले: लायनेस, मिल्डमे, विंडरश, वीव्हर, सफ्रजेट, लिबर्टी. स्टेशनावर ही नावं ऐकू आली तर गोंधळू नका, मार्ग जुनेच आहेत. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत.

नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या मुख्य दालनातला डिप्लोडोकसचा सांगाडा २०१७ मध्ये हलवला. तिथे आता निळ्या देवमाशाचा २५ मीटर लांबीचा खरा सांगाडा छताला टांगलेला आहे. ‘आत शिरलं की समोर डायनोसॉर’ असं मुलांना आधीच सांगून ठेवलं असेल तर त्यांचा हिरमोड होतो. डायनोसॉरचं दालन आत वेगळं आहे, आणि बाहेरच्या बागेत २०२४ पासून डिप्लोडोकसचा कांस्य सांगाडा उभा आहे. बेथनल ग्रीनचं बालपणाचं संग्रहालय २०२३ मध्ये ‘यंग व्ही अँड ए’ म्हणून नव्याने उघडलं. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी ते आम्हाला सर्वांत चांगलं वाटतं. लंडन वॉलवरचं म्युझियम ऑफ लंडन २०२२ च्या अखेरीस बंद झालं, त्याचा मुक्काम स्मिथफील्डला हलतो आहे. बिग बेनभोवतीची दुरुस्तीची परांची २०२२ मध्ये उतरली.

कपाटात जुने पाउंड आणि ऑयस्टर कार्ड सापडलं. चालेल का?

ऑयस्टर म्हणजे आधी पैसे भरून गाड्या-बसमध्ये टेकवायचं कार्ड. त्यातली शिल्लक मुदतीने संपत नाही. स्टेशनावरच्या यंत्राला कार्ड टेकवा, किती उरलेत ते दिसेल.

पैशांचं तसं नाही. कागदी ५ पाउंडची नोट २०१७ मध्ये, १० ची २०१८ मध्ये आणि २० व ५० च्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर व्यवहारातून गेल्या. पूर्ण गोल, एकाच पिवळ्या धातूचं जुनं १ पाउंडचं नाणंही २०१७ मध्ये बंद झालं. आताचं नाणं बारा बाजूंचं आणि दोन रंगांचं आहे. दुकानदार जुन्या नोटा घेणार नाही. त्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या बँक ऑफ इंग्लंडच्या खिडकीवर बदलून मिळतात, फक्त कामाच्या दिवशी. पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा बरोबर ठेवा. रांग लांब असू शकते, त्यामुळे चाळीस पाउंडांसाठी घरच्यांना तिथे ताटकळत उभं करू नका. शेजारच्या बँक स्टेशनावरून त्यांना सेंट पॉल्सकडे पाठवा आणि मागून जाऊन गाठा.

राणीचं चित्र असलेल्या प्लास्टिकच्या नोटा पूर्वीसारख्याच चालतात. राजे चार्ल्स यांच्या चित्राच्या नोटा जून २०२४ पासून त्यांच्या जोडीला आल्या आहेत.

कधी जावं आणि किती दिवस?

शाळेच्या सुट्ट्या धरून जायचं तर मे महिना उत्तम. फक्त मेचा शेवटचा आठवडा टाळा, तेव्हा तिथल्या शाळांनाही सुट्टी असते. हाच पेच दिवाळीच्या सुट्टीत पडतो: ऑक्टोबरच्या अखेरीस तिथेही मध्यसत्राची सुट्टी असते आणि साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांच्या रांगा फुटपाथवर येतात. त्याच महिन्यात शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि अंधार लवकर पडतो. डिसेंबरच्या मध्यात तर दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. २५ डिसेंबरला लंडनमध्ये ट्यूब (भुयारी रेल्वे) आणि बस दोन्ही बंद असतात. त्या दिवशी चालत जाण्याजोगं काहीतरी ठरवा आणि जेवणाची सोय आदल्या दिवशीच करून ठेवा.

दिवस आठ ते दहा. त्याहून कमी असतील तर ऑक्सफर्ड, बाथ, स्टोनहेंज यांचा मोह आवरा. दिवसाला एकच भाग, दोन मोठी ठिकाणं, बस्स. एकटे असताना तुम्ही दिवसात पाच करत होता, ते आठवू नका.

उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, म्हणून पहिले दोन दिवस मुलं पहाटे चारला टक्क जागी होतात. त्यांना झोपवण्यात वेळ घालवू नका. जूनमध्ये पावणेपाचलाच उजाडतं. दूध-बिस्किटं देऊन सहाच्या सुमाराला वेस्टमिन्स्टर पुलावर जा. दिवसभर जिथे खांद्याला खांदा लागतो, तो पूल त्या वेळी जवळजवळ रिकामा असतो आणि सगळ्यांचा एकत्र फोटो निवांत निघतो.

व्हिसासाठी पूर्वी तिथे राहिल्याचा फायदा होतो का?

नियम पाळून राहिला असाल तर तुमच्या अर्जाला बळ मिळतं, घरच्यांच्या अर्जाला आपोआप नाही. स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रत्येकाचा वेगळा असतो, तान्ह्या बाळाचाही. प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने अर्ज करता येतो. केंद्रावर बोटांचे ठसे दिल्यावर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, सुट्टीच्या हंगामात हाताशी सहा ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, पण फोटोसाठी त्यांना न्यावंच लागतं.

अर्ज अडतात ते नेहमीच्याच कारणांनी. खात्यात अर्जाच्या आधी अचानक मोठी रक्कम आलेली दिसते आणि ती कुठून आली याचा कागद नसतो. मुदत ठेव मोडली असेल तर बँकेची पावती जोडा, मुलाने पाठवली असेल तर त्याचं पत्र आणि त्याच्या खात्याचा उतारा जोडा. निवृत्त आई-बाबांच्या अर्जात पेन्शनचं पासबुक, ठेवी, घराची कागदपत्रं हवीत; खर्च तुम्ही करणार असाल तर तसं स्पष्ट पत्र हवं. जन्माचा किंवा लग्नाचा दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, आणि हे पुष्कळांच्या शेवटच्या दिवशी लक्षात येतं. मूल आई किंवा बाबा एकाबरोबरच जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र घ्या. पूर्वी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर तो लिहा; लपवलेला नकार हा मूळ नकारापेक्षा फार महागात पडतो. आणि व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

आमच्याकडे अमेरिकन किंवा ऑस्ट्रेलियन पासपोर्ट आहेत. आम्हाला काही लागतं का?

हो. जानेवारी २०२५ पासून तुम्हाला ईटीए नावाची प्रवासपरवानगी आधी काढावी लागते. ती फोनवरच्या अ‍ॅपमधून मिळते, मुलांसकट प्रत्येकाची वेगळी, आणि दोन वर्षं चालते. पासपोर्ट बदलला की नवी काढायची.

हीथ्रोहून शहरात कसं जावं?

एलिझाबेथ लाइन. पॅडिंग्टनला साधारण अर्ध्या तासात पोचवते. हीथ्रो एक्सप्रेस पंधरा मिनिटांत नेते, पण चार-पाच जणांचे मिळून वाचलेल्या पंधरा मिनिटांसाठी बरेच पाउंड जातात. दोन्ही गाड्या एकाच भागातून सुटतात आणि दोन्हीकडे बँकेचं काँटॅक्टलेस कार्ड टेकवून जाता येतं, त्यामुळे घाईत महागड्या गाडीत बसणारे बरेच असतात. फलाटावरचा फलक वाचूनच चढा.

मोठ्या बॅगा, आजी-आजोबा आणि झोपलेलं मूल असं सगळं असेल तर आधी ठरवलेली मोठी गाडी बरी. शहरात फिरायला काळी टॅक्सी घ्या. तिच्या नव्या गाड्यांत सहा जण बसतात आणि व्हीलचेअरसाठी उतरण असते. जवळच्या अंतराला पाच जणांची टॅक्सी पाच ट्यूब भाड्यांच्या आसपास येते, हे हिशेब करून पाहा. स्वतः गाडी भाड्याने घेऊन मध्य लंडनमध्ये शिरू नका. गर्दीचा कर, प्रदूषणाचा कर आणि पार्किंग मिळून सुट्टीचा आनंद खातात.

मुलांना तिकीट लागतं का? सगळ्यांसाठी एक कार्ड चालेल का?

एका कार्डावर एकच माणूस. नवऱ्याच्या कार्डाने बायकोला आत सोडता येत नाही. एकाच खात्याची दोन वेगळी कार्डं असतील तर चालतात. आणखी एक खाच: प्लास्टिकचं कार्ड आणि फोनमधलं तेच कार्ड यंत्राला दोन वेगळी वाटतात. आत जाताना फोन आणि बाहेर पडताना कार्ड टेकवलं की दोन अपूर्ण प्रवास धरले जातात आणि दोन्हींचं जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. सकाळी जे वापराल तेच रात्रीपर्यंत वापरा, म्हणजे दिवसभरातल्या भाड्याची कमाल मर्यादाही लागू होते. भारतातल्या कार्डांवर परकीय चलनाचं शुल्क पडतं, तेवढं बँकेला आधी विचारा. दुकानातल्या यंत्राने ‘रुपयांत की पाउंडांत?’ विचारलं तर दर वेळी पाउंड निवडा.

अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत ट्यूब, डीएलआर (पूर्व लंडनची हलकी रेल्वे), ओव्हरग्राउंड आणि एलिझाबेथ लाइनवर फुकट. एका मोठ्यामागे चार मुलांपर्यंत. अकरा ते पंधराच्या मुलांसाठी ऑयस्टर घ्या आणि स्टेशनावरच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत चढवून घ्या. चौदा दिवसांपर्यंत अर्ध्या भाड्यात काम होतं. मूल सोबत उभं असावं लागतं. ही सवलत माहीतच नसल्याने किती तरी कुटुंबं पूर्ण भाडं भरतात.

बसमध्ये पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसऱ्या-तिसऱ्या बसचं भाडं लागत नाही. १५ नंबरची बस पर्यटक बससारखीच आहे: ट्रॅफल्गर स्क्वेअरजवळून निघून फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स करत टॉवर ऑफ लंडनला जाते. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा धरा.

आईचे गुडघे दुखतात. ट्यूब जमेल का?

निवडक स्टेशनं जमतील. जिनेरहित स्टेशनांचा वेगळा नकाशा मिळतो. त्यात निळं व्हीलचेअर चिन्ह म्हणजे रस्त्यापासून थेट डब्यापर्यंत सोय, पांढरं चिन्ह म्हणजे फलाटापर्यंत. पुढे डबा आणि फलाट यांत पायरी किंवा फट असू शकते. ग्रीन पार्क, वेस्टमिन्स्टर, किंग्ज क्रॉस, व्हिक्टोरिया, टॉटनहॅम कोर्ट रोड ही भरवशाची. लिफ्ट बंद असेल तर ते लंडनच्या वाहतूक संस्थेच्या ‘टीएफएल गो’ अ‍ॅपवर दिसतं, निघण्याआधी बघा.

कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची गर्दी पाहून ‘जिन्यानेच जाऊ’ असं कुणी म्हणालं तर थांबवा. तो गोल जिना १९३ पायऱ्यांचा आहे, मध्ये बसायला जागा नाही. लेस्टर स्क्वेअरला उतरून चालत जा; दोन स्टेशनांत जेमतेम अडीचशे मीटर अंतर आहे. साउथ केन्सिंग्टनला संग्रहालयांसाठी उतरताना जिने लागतात, आई सोबत असतील तर बस घ्या. सगळ्या बसेसना उतरण असते. बाबागाडी चालते, पण व्हीलचेअर आली की घडी घालावी लागते, म्हणून घडी एका हाताने पडणारी बाबागाडी न्या.

ट्यूबमध्ये ताटातूट झाली तर?

पहिल्याच दिवशी सगळ्यांना एक नियम सांगा: डब्यात चढलेल्याने पुढच्या स्टेशनावर उतरून तिथेच थांबायचं, फलाटावर राहिलेल्याने पुढच्या गाडीने तिथे जायचं. मूल एकटंच फलाटावर राहिलं तर त्याने हलायचं नाही, मोठ्यांनी परत यायचं. खोल स्टेशनांत फोन लागेलच असं नाही, म्हणून हा नियम तोंडपाठ हवा. मुलाच्या खिशात तुमचा नंबर आणि हॉटेलचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आजी-आजोबांच्याही.

राहायचं कुठे?

चौघांना एक खोली हवी असेल तर बुकिंग करताना मुलांची वयं खरी टाका. आगीच्या नियमांमुळे खोलीतल्या माणसांची संख्या ठरलेली असते, ‘मुलं काय, कुठेही झोपतील’ तिथे चालत नाही. बेजवॉटर, पॅडिंग्टन भागातल्या जुन्या घरांतल्या स्वस्त हॉटेलांना बऱ्याचदा लिफ्ट नसते आणि ‘लोअर ग्राउंड’ म्हणजे तळघर. ही दोन्ही उत्तरं लेखी मागून घ्या.

स्वयंपाकघर असलेलं घर घेणार असाल तर ईलिंग ब्रॉडवे पाहा: एलिझाबेथ, सेंट्रल आणि डिस्ट्रिक्ट अशा तीन लाइन, भारतीय दुकानांचं साउथॉल तिसऱ्या स्टेशनावर, आणि मध्य लंडनपेक्षा भाडं हलकं.

एका गोष्टीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं: फोडणी. त्या घरांच्या छताला धुराचा गजर असतो आणि तेल धुरावलं, मिरची करपली की तो कानठळ्या बसवतो. काही इमारतींत तो संपूर्ण मजल्याला जोडलेला असतो आणि विनाकारण अग्निशमन दल आलं तर खर्च भाडेकरूवर पडू शकतो. आधी खिडकी उघडा, शेगडीवरचा पंखा पूर्ण वेगाने लावा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. काचेची विजेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे गॅसच्या सवयीने बटण फिरवून भागत नाही. मोहरी तडतडली की कढई उचलून बाजूला घ्या आणि मगच हिंग, हळद, मिरची घाला. गजराला पिशवी बांधणं हा उपाय नाही, धोका आहे. छोटा कुकर न्यायचा असेल तर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा न्या.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, पण जड आहे. काळ्या चहावर तवंग दिसतो आणि किटलीत पांढरा थर बसतो. आजींनी पाणी खराब म्हणून बाटल्यांचा आग्रह धरला तर हे कारण सांगा.

घरून काय न्यावं? तिथे शाकाहारी काय मिळतं?

भारतातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड, पनीर घरीच ठेवा. फळं-भाज्यांनाही निर्बंध आहेत. आंबे किंवा कढीपत्ता न्यायचा असेल तर आधी नियम बघा. चिवडा, भाकरवडी, चकली, मेतकूट, कोरडी चटणी, मसाले खुशाल न्या. तान्ह्या बाळाची दूधभुकटी नेता येते: फोडलेली नसावी, फ्रीजची गरज नसावी, कंपनीच्या पाकिटात असावी आणि दोन किलोच्या आत असावी. तांदूळ, तूरडाळ, आटा नेऊ नका, वेम्बलीचा ईलिंग रोड आणि साउथॉल इथे सगळं मिळतं. वडापाव हाउन्सलोला मिळतो. मध्य शहरात युस्टनमागचा ड्रमंड स्ट्रीट शाकाहारी थाळी आणि डोशांसाठी वर्षानुवर्षं चालत आला आहे.

तिथल्या ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं धरलेलं असतं. अंडं चालत नसेल तर ‘व्हीगन’ शिक्का बघा. मुलांच्या गोळ्या-जेलींमध्ये जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून येतं. पाकिटाची मागची बाजू वाचा. दुकानातच बनवून पाकिटात घातलेल्या सँडविचवरही ऑक्टोबर २०२१ पासून सगळे घटक छापावे लागतात, त्यामुळे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांची काळजी पुष्कळ कमी झाली आहे.

संग्रहालयं फुकट आहेत, मग आधी नोंदणी कशाला?

प्रवेशाची वेळ हातात असली की रांग छोटी होते म्हणून. ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्ट्री आणि सायन्स म्युझियमची मोफत वेळ आधी घेऊन ठेवा. नॅचरल हिस्ट्रीत क्रॉमवेल रोडच्या दारापेक्षा एक्झिबिशन रोडच्या दाराने शिरणं सोपं जातं. त्या बाजूला भूकंप-ज्वालामुखीचं दालन आहे, जिथे जपानमधल्या कोबेच्या दुकानात भूकंपाचे हादरे अनुभवता येतात. ब्रिटिश म्युझियममध्ये चाकांच्या बॅगा नेऊ देत नाहीत. शुक्रवारी ते रात्री साडेआठपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दहापर्यंत उघडं असतं. शुक्रवारची संध्याकाळ मोठ्या मुलांसाठी सर्वांत शांत.

उंचावरून शहर दाखवणाऱ्या स्काय गार्डनची फुकट तिकिटं दर सोमवारी पुढच्या तीन आठवड्यांची खुली होतात. ती संपली तर बिशप्सगेटच्या ५८ व्या मजल्यावरचं होरायझन २२ पाहा, तेही फुकट. वॉटफर्डजवळच्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओची (हॅरी पॉटर चित्रपटांच्या) तिकिटं मात्र महिनोन्‌महिने आधी संपतात. मुलांना शब्द देण्यापूर्वी तारीख बघा.

टॉवर ऑफ लंडनला दार उघडताच शिरा आणि थेट राजदागिन्यांकडे जा. कोहिनूर असलेला मुकुट तिथेच आहे. अकरानंतर ती रांग तासाभराची होते.

मला माझं जुनं घर, कॉलेज, गल्ली दाखवायची आहे. घरचे कंटाळतील का?

बेत न आखता नेलंत तर कंटाळतील. तरी हे वगळू नका. यासाठीच तर तुम्ही लंडन निवडलंत. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवसाची एक सकाळ यासाठी ठेवा, पहिल्या दिवसाची नको, कारण तेव्हा त्यांना बिग बेन बघायचा असतो. जास्तीत जास्त तीन जागा, दोन-अडीच तास, आणि शेवट अशा ठिकाणी जिथे मुलांना खेळायला बाग आहे.

निघण्याआधी नकाशावर रस्त्याची आताची छायाचित्रं बघून घ्या. कोपऱ्यावरचं दुकान, ठरलेला कॅफे, कपडे धुण्याची जागा यांतलं बरंच गेलेलं असतं. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं डेबेनहॅम्ससुद्धा २०२१ मध्ये बंद झालं. हे सगळ्यांसमोर फुटपाथवर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. जुन्या घरात आता दुसरं कुणी राहतं. बेल वाजवू नका, समोरच्या फुटपाथवरून बघा. विद्यापीठाच्या इमारतींत ओळखपत्राशिवाय सोडत नाहीत, माजी विद्यार्थी विभागाला दोन आठवडे आधी ईमेल करा.

मुलांच्या हातात एक काम द्या: तुमचा तेव्हाचा एखादा फोटो छापून न्या आणि त्याच जागी, त्याच कोनातून नवा फोटो त्यांना काढू द्या. दार तेच आहे का, झाड किती वाढलं, पाटी कुठे गेली, हे ती स्वतःहून शोधायला लागतात.

मराठी माणसाने आवर्जून बघाव्यात अशा जागा?

एका दिवसात जुळणारा एक सुंदर रस्ता आहे. चॉक फार्म स्टेशनावरून १०, किंग हेन्रीज रोडला जा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहिले. महाराष्ट्र शासनाने घर विकत घेतलं आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये स्मारक खुलं झालं. गल्ली राहती आहे, आवाज कमी ठेवा. तिथून जवळच प्रिमरोझ हिल. टेकडी छोटी, पण माथ्यावरून सगळं शहर दिसतं. डबा इथेच खावा.

मग सेंट जॉन्स वुडला लॉर्ड्स. मैदानाच्या सहलीत लाँग रूम आणि ड्रेसिंग रूममधले मानाचे फलक दाखवतात. पाहुण्या संघाच्या शतकांच्या फलकावर दिलीप वेंगसरकर यांचं नाव तीनदा आहे: १९७९, १९८२ आणि १९८६. अजित आगरकरचं २००२ चं नाबाद १०९ आणि अजिंक्य रहाणेचं २०१४ चं १०३ तिथेच. सचिनचं नाव मुलं शोधत राहतील. लॉर्ड्सवर त्याचं कसोटी शतक नाही, म्हणून ते सापडणार नाही. सामन्यांच्या दिवशी सहल नसते.

पुढे लिटल व्हेनिसच्या कालव्याजवळ १०, हौली प्लेस. चिरोल या ब्रिटिश पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी गेलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहिले. भिंतीवर निळी पाटी आहे. सावरकरांची पाटी हायगेटला ६५, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवर, म्हणजे इंडिया हाउस या तेव्हाच्या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर. ती वेगळ्या दिशेला आहे, त्याच दिवशी कोंबू नका. ही दोन्ही खासगी घरं आहेत, फक्त बाहेरून बघायची.

वाघनखं बघायला व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये जाणार असाल तर थांबा: जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याला. १९३२ पासूनचं महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला आहे. गणपतीच्या दिवसांत जात असाल तर कार्यक्रम आधी विचारून घ्या.

एकच दिवस सगळ्यांना आवडेल असा काढायचा झाला तर?

ग्रीनिच. डीएलआरने जा. गाडीत चालकाची केबिन नसते, अगदी पुढच्या काचेशी बसलं की मुलांना आपणच गाडी चालवतोय असं वाटतं. आयलंड गार्डन्सला उतरा आणि नदीखालच्या बोगद्यातून चालत पलीकडे या: १९०२ चा, साधारण ३७० मीटरचा, पांढऱ्या फरशांचा. दोन्ही टोकांना लिफ्ट आहे. बंद असली तर आजी-आजोबांनी थेट कटी सार्क स्टेशनापर्यंत यावं.

वेधशाळेच्या छतावर खांबाला लाल गोळा आहे. १८३३ पासून तो रोज दुपारी एकला पडतो, नदीतल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून. १२:५५ ला अर्धा चढतो, १२:५८ ला टोकाला जातो आणि बरोबर एकला खाली येतो. पावणेएकपर्यंत टेकडी चढून अंगणाबाहेर उभे राहा. वारा फार असला किंवा काम चालू असलं तर गोळा चढवत नाहीत, त्यामुळे निघण्याआधी खात्री करा. टेकडीखालचं सागरी संग्रहालय फुकट आहे. परतताना नदीतली बोट घ्या, त्यावरही कार्ड चालतं, आणि टॉवर ब्रिजखालून जाताना डेकवर या.

कुणी आजारी पडलं तर?

जिवावरचं असेल तर ९९९, नाहीतर १११ वर सल्ला. अपघात विभागातली तातडीची तपासणी फुकट आहे, पण दाखल करून घेतलं की पाहुण्यांना बिल येतं आणि ते दणदणीत असतं. विमा काढाच, आई-बाबांचे रक्तदाब, मधुमेह अर्जात नमूद करा, नाहीतर दावा तिथेच अडतो. औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा.

खरेदीवरचा कर विमानतळावर परत मिळतो ना?

आता नाही. १ जानेवारी २०२१ पासून ती सोय बंद आहे.

आई-बाबांना एक दिवस नुसतं बसायचं आहे.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात रीजंट्स पार्कच्या क्वीन मेरीज गार्डन्समध्ये गुलाब भरात असतात. एकेका जातीचा वाफा वेगळा आणि पाटीवर नाव, त्यामुळे बागेची आवड असलेले बाबा दोन तास सहज रमतात. बाकांना पाठ आहे, कॅफे आणि स्वच्छतागृह जवळ आहे. बाकीच्या महिन्यांत सेंट जेम्सेस पार्क: आरामखुर्च्या मार्च ते ऑक्टोबर भाड्याने मिळतात, आणि तळ्यात १६६४ मध्ये रशियन राजदूताने पहिल्यांदा भेट दिलेले पेलिकन आहेत. दुपारी अडीचच्या सुमाराला त्यांना मासे घालतात. वीस मिनिटं आधी तळ्याच्या पूर्वेकडच्या टोकाला, डक आयलंडच्या झोपडीजवळ जागा धरा. मागून आलेल्यांना फक्त पाठी दिसतात.